देवांशी देवघेव : जुन्या जर्मेनिक धर्मातली प्रार्थना

इ.स. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाच्या शिष्टमंडळाबरोबर निघालेला इब्न फदलान व्होल्गा नदीच्या काठी पोचला. तिथे त्याला रूस व्यापारी भेटले. उत्तरेकडून नावा वल्हवत आलेले हे लोक बहुतांशी स्कँडिनेव्हियन मुळाचे होते. नाव काठाला लागल्यावर त्यांतला प्रत्येक जण काय करतो, हे इब्न फदलानने बारकाईने लिहून ठेवलं आहे. व्यापारी भाकरी, मांस, कांदे, दूध आणि मद्य घेऊन उतरतो. काठावर एक उंच लाकडी खांब रोवलेला असतो. त्यावर माणसासारखा चेहरा कोरलेला असतो आणि भोवती लहान लहान मूर्ती असतात. तो मोठ्या खांबापुढे लोटांगण घालतो, आपण किती दुरून आलो ते सांगतो, बरोबर किती दासी आणि सेबलची किती कातडी आणली आहेत याची यादी देतो आणि आणलेलं सगळं खांबापुढे ठेवतो. मग मागणं मागतो : गाठीला भरपूर दीनार आणि दिरहम असलेला, घासाघीस न करणारा गिऱ्हाईक माझ्याकडे पाठव.

माल खपला नाही तर तो दुसऱ्यांदा येतो, तिसऱ्यांदा येतो, दर वेळी काहीतरी घेऊन येतो. तरीही काम झालं नाही तर लहान मूर्तींकडे वळतो. त्या मोठ्या देवाच्या बायका, मुली आणि मुलगे. प्रत्येकीपुढे वाकून तो रदबदली करण्याची विनंती करतो. माल खपला तर गुरं-मेंढ्या कापतो, थोडं मांस वाटून टाकतो, उरलेलं खांबांपुढे ठेवतो आणि जनावरांची मुंडकी खांबांना टांगतो. रात्री कुत्री ते मांस खातात. सकाळी रिकामी जागा पाहून तो समाधानाने म्हणतो की देव प्रसन्न झाला, त्याने माझी भेट स्वीकारली.

ख्रिस्ती होण्याआधीच्या उत्तर युरोपात माणसं देवाशी कशी बोलत, याचं इतकं तपशीलवार, प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेलं वर्णन दुसरं नाही. त्यात दासींचा उल्लेख मालाच्या यादीत येतो, ही त्या काळाची कठोर बाजूही विसरता येत नाही. आज या जुन्या धर्माविषयी बोलताना एक समज वारंवार ऐकू येतो : हे ताठ मानेचे योद्धे होते, ते यज्ञ करत, शपथा घेत, पण प्रार्थना करत नसत, प्रार्थना ही ख्रिस्ती धर्माने आणलेली गोष्ट. पुरावे नीट मांडले तर हा समज टिकत नाही. हे लोक प्रार्थना करत. फक्त त्यांची प्रार्थना सुटी नसे. तिच्याबरोबर काहीतरी दिलं जाई, तिला ठरलेली जागा आणि वेळ असे आणि बहुतेकदा ती चारचौघांसमक्ष होई.

शब्द का उरले नाहीत

जर्मेनिक लोक म्हणजे एक राष्ट्र नव्हे. ऱ्हाईनकाठच्या टोळ्या, सॅक्सन, लाँगोबार्ड, इंग्लंडात गेलेले अँग्लो-सॅक्सन, नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्क-आइसलँडचे नॉर्स लोक या सगळ्यांच्या भाषा एका कुळातल्या. देवही बरेचसे समान होते. जर्मनीतला वोडान तोच उत्तरेचा ओडिन, आणि तिकडचा डोनार म्हणजे थोर. पण या धर्माला एक ग्रंथ नव्हता, सर्वांवर चालणारी पुरोहितांची सत्ता नव्हती. हजार वर्षांत आणि हजारो मैलांत तो ठिकठिकाणी वेगळा होता.

या लोकांकडे रुन लिपी होती. पण तिचा उपयोग दगडावर, हाडावर, लाकडावर थोडकं कोरण्यासाठी होई. लांब मजकूर तोंडी चाले. चर्मपत्रावर पुस्तकं लिहिण्याची रीत चर्चबरोबर आली, आणि तोवर जुने देव टाकून देण्याची वेळ आली होती. त्यामुळे आपल्याला जे कळतं ते बहुतांशी रोमन, अरब आणि ख्रिस्ती लेखकांकडून. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या देवस्थानाची माहिती ब्रेमेनचा धर्मगुरू ॲडम याने इ.स. १०७५ च्या सुमारास लिहिली. रोगराई किंवा दुष्काळ आला तर थोरला, युद्ध आलं तर वोडानला आणि लग्न असेल तर फ्रिको म्हणजे फ्रेय या देवाला अर्पण करतात, असं तो सांगतो. या विधींत गाणी म्हणतात हेही त्याला कळलं होतं. पण ती अशोभनीय आहेत, त्यांविषयी गप्प राहिलेलंच बरं, असं म्हणून त्याने विषय संपवला. त्याने दोन-चार ओळी जरी टिपल्या असत्या, तरी आज आपल्या हाती केवढं धन असतं! असं गप्प राहणारा ॲडम एकटा नव्हता. प्रार्थनेचे शब्द हरवले ते याच कारणाने. ते नव्हतेच, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

देवराई आणि मिठाची नदी

रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८ मध्ये 'जर्मानिया' लिहिलं. देवांना भिंतींत कोंडणं किंवा माणसाचा चेहरा देणं या लोकांना योग्य वाटत नाही, ते देवराया राखतात, असं तो म्हणतो. त्याचं हे विधान सरसकट खरं मानता येत नाही, कारण डेन्मार्क आणि जर्मनीच्या दलदलीत लाकडी मूर्ती सापडल्या आहेत. पण देवराईचं महत्त्व इतर साधनांतूनही दिसतं. सेम्नोनेस नावाच्या लोकांच्या देवराईत शिरताना माणसाला स्वतःला बांधून घ्यावं लागे. आत कुणी पडला तर त्याने उठायचं नाही, जमिनीवरून लोळतच बाहेर यायचं. देवाच्या सत्तेपुढे आपण किती लहान आहोत, हे तिथे अंगानेच कबूल करावं लागे.

याच पुस्तकात कौल लावण्याची रीत आहे. फळझाडाची फांदी तोडून तिचे तुकडे करायचे, त्यांवर खुणा करायच्या आणि ते पांढऱ्या कापडावर विखरायचे. गावाचा प्रश्न असेल तर पुरोहित, घरचा असेल तर घरातला कर्ता पुरुष देवांची प्रार्थना करतो आणि आकाशाकडे बघत एकेक करून तीन तुकडे उचलतो. पुरोहित नसला तरी घरच्या कारभारात देवाशी बोलण्याचा अधिकार कुटुंबप्रमुखाला होता, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

प्रार्थनेला जागा किती जोडलेली होती, याचा सर्वात बोलका पुरावा टॅसिटसच्याच 'ॲनल्स' या ग्रंथात आहे. इ.स. ५८ च्या उन्हाळ्यात हर्मुंडुरी आणि चाट्टी या दोन टोळ्या एका नदीसाठी लढल्या. त्या नदीतून मीठ मिळे. जळत्या लाकडांच्या ढिगावर पाणी ओतलं की मीठ धरे. आग आणि पाणी या दोन विरोधी गोष्टींतून मीठ निपजतं म्हणजे इथे देवांचीच कृपा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. ही जागा स्वर्गाच्या जवळ आहे, माणसाच्या प्रार्थना इतक्या जवळून देवांना दुसरीकडे कुठेच ऐकू जात नाहीत, असं ते मानत. लढाईआधी दोन्ही बाजूंनी नवस केला होता की जिंकलो तर शत्रूची माणसं, घोडे, सगळं काही देवांना अर्पण करू. चाट्टी हरले आणि त्यांनी केलेला नवस त्यांच्यावरच उलटला.

नवस आणि फेड

ऱ्हाईन नदीच्या खालच्या भागात जर्मेनिक, केल्टिक आणि रोमन लोक शेजारी राहत. तिथे दगडी वेद्या उभारून त्यांवर लॅटिनमध्ये मजकूर कोरण्याची रोमन पद्धत स्थानिकांनी उचलली. त्यामुळे सामान्य माणसांचे नवस दगडावर टिकून राहिले. बॉन आणि कोलोनच्या परिसरात 'मात्रोने' म्हणजे मातृदेवतांच्या शेकडो वेद्या सापडल्या आहेत. बहुधा तीन देवी एकत्र बसलेल्या, मांडीवर फळांच्या टोपल्या. त्यांची विशेषणं पुष्कळदा जर्मेनिक आहेत. वेदीच्या शेवटी एक ठराविक वाक्य येतं, इतकं ठराविक की त्याची फक्त चार आद्याक्षरं कोरत. अर्थ असा, की अमक्याने आपला नवस आनंदाने आणि यथायोग्य फेडला.

नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर डोंबुर्ग इथे १६४७ साली वादळाने वाळू वाहून गेली आणि नेहालेनिया नावाच्या देवीच्या वेद्या उघड्या पडल्या. १९७० मध्ये कोलेन्सप्लात गावाजवळ मासेमाऱ्यांच्या जाळ्यात आणखी वेद्या आल्या. या देवीचं नाव जर्मेनिक की केल्टिक याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण तिचे भक्त कोण होते ते स्पष्ट आहे. ब्रिटनशी व्यापार करणारे व्यापारी आणि नावाडी समुद्र ओलांडण्याआधी तिला बोलत. सिल्व्हानुस नावाच्या एका मातीच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याने माल सुखरूप पोचल्याबद्दल नवस फेडल्याचं कोरून ठेवलं आहे. फुटणारा माल, खवळणारा समुद्र आणि मधे देवीचा हात. व्होल्गाकाठच्या रूस व्यापाऱ्याच्या सातशे वर्षं आधी तीच चिंता आणि तीच रीत इथे दिसते.

आणखी उत्तरेकडे दगडाऐवजी दलदल बोलते. डेन्मार्कमधल्या इल्लेरुप इथे पूर्वी तळं होतं. त्यात हरलेल्या सैन्यांची शस्त्रं वेळोवेळी टाकलेली आढळली. उत्खननात १५,००० हून अधिक वस्तू निघाल्या. सर्वात मोठा साठा इ.स. २०० च्या सुमाराचा आहे. तलवारी वाकवलेल्या, ढाली फोडलेल्या. चांगलं लोखंड कुणी उगाच पाण्यात टाकत नाही. लढाईआधी तोंडाने जे बोललं गेलं, त्याचीच ही फेड असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

भेटीला परतभेट

'हावामाल' हे ओडिनच्या तोंडी घातलेलं जुन्या नॉर्स भाषेतलं उपदेशपर काव्य तेराव्या शतकातल्या एका आइसलँडिक हस्तलिखितात टिकलं आहे. त्यात एके ठिकाणी विधीतली कौशल्यं ओळीने विचारली आहेत : कोरता येतं का, वाचता येतं का, मागता येतं का, अर्पण करता येतं का. मागणं ही शिकून घ्यायची गोष्ट मानली होती, हे यातून कळतं. लगेच पुढे इशारा आहे. मर्यादेबाहेर अर्पण करण्यापेक्षा न मागितलेलं बरं, कारण प्रत्येक भेट परतभेटीची वाट पाहते.

या समाजाची घडीच भेटींवर उभी होती. सरदार अनुयायांना सोन्याची कडी देई, ते त्याला निष्ठा देत. पाहुणा भेट घेऊन येई आणि भेट घेऊन जाई. देवांशी असलेलं नातंही त्याच धाग्याने विणलेलं होतं. याला नुसती लाचलुचपत म्हणणं हा मोठा अन्याय होईल. भेट दिल्याने नातं सुरू होतं आणि चालू राहतं. देवाकडे मागायला तोंड असावं, म्हणून आधीपासून देत राहावं लागतं.

'व्हिगा-ग्लूम सागा' या आइसलँडिक कथेत थोरकेल नावाच्या माणसाला आपली जमीन ग्लूममुळे सोडावी लागते. जाण्याआधी तो एक म्हातारा बैल घेऊन फ्रेय देवाच्या देवळात जातो. इतकी वर्षं मी तुला भेटी दिल्या, तूही त्यांची चांगली परतफेड केलीस, अशी आठवण करून देतो आणि हा बैल घे, पण ग्लूमलाही एक दिवस माझ्याइतक्याच नाइलाजाने इथून निघायला लाव, असं मागतो. तू हे स्वीकारलंस याची खूण दे, असंही म्हणतो. बैल हंबरतो आणि जागीच कोसळून मरतो. पुढे कितीतरी वर्षांनी ग्लूमला स्वप्न पडतं. त्याचे मेलेले नातलग फ्रेयकडे त्याच्यासाठी गयावया करताहेत आणि फ्रेय रागाने थोरकेलच्या बैलाची आठवण काढतो आहे. ग्लूमची जमीन जाते. ही कथा ख्रिस्ती काळात लिहिली गेली, म्हणून तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण प्रार्थनेची घडण तिच्यात स्वच्छ दिसते : देवाला नावाने हाक, जुन्या नात्याची आठवण, भेट, मागणं आणि कौल.

परतभेट आली नाही तर नातं तुटूही शकत होतं. इंग्लिश भिक्षू बीड याने इ.स. ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात नॉर्थंब्रियाच्या एडविन राजाचा मुख्य पुरोहित कोइफी भेटतो. इ.स. ६२७ च्या सुमारास नवा धर्म घ्यावा की नाही यावर सभा भरली. कोइफी म्हणाला, देवांची सेवा माझ्याइतकी कुणी केली नाही, तरी राजाची कृपा माझ्यापेक्षा इतरांवरच जास्त झाली. या देवांत काही सामर्थ्य असतं तर त्यांनी मला आधी मदत केली असती. मग त्याने स्वतःच्याच देवळावर भाला फेकला. बीडचा हेतू धर्मप्रचाराचा होता हे उघड आहे, तरी कोइफीची तक्रार या धर्माच्या आतली वाटते.

सगळ्यांनी मिळून

नॉर्स लोकांच्या सामुदायिक अर्पणविधीला 'ब्लोत' म्हणत. आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकात नॉर्वेतल्या ह्लादिर इथल्या ब्लोतचं वर्णन केलं आहे. गावोगावचे शेतकरी आपापली शिधासामग्री घेऊन जमत. घोडे आणि इतर जनावरं कापत, रक्त भांड्यात धरून डहाळीने भिंतींवर आणि माणसांवर शिंपडत. मांस मोठ्या कढयांत शिजे. मद्याचं पात्र आगीवरून फिरवत आणि सरदार त्यावर मंगल वचनं म्हणे. पहिला प्याला ओडिनचा, राजाच्या विजयासाठी. नंतर न्योर्ड आणि फ्रेय यांचे प्याले, चांगलं पीक आणि शांतता मिळावी म्हणून. त्यानंतर मेलेल्या आप्तांच्या आठवणीचा. इथे प्रार्थना मद्याच्या घोटाबरोबर होते आणि सगळे जण त्याच भांड्यातलं खातात-पितात.

अशा ठिकाणी एकट्याने बाजूला राहणं अवघड होतं. नॉर्वेचा राजा हाकोन इंग्लंडमध्ये वाढलेला आणि ख्रिस्ती होता. ह्लादिरला प्याला हातात आल्यावर त्याने त्यावर क्रूसाची खूण केली. लोक बिथरले. तेव्हा सिगुर्ड सरदाराने वेळ मारून नेली : राजाने थोरच्या हातोड्याची खूण केली आहे. लोकांना चिंता होती ती अशी, की राजा देवांपुढे वागायला चुकला तर पीक सगळ्यांचं जाईल.

उभं राहून की वाकून?

हा जुना धर्म आज पुन्हा पाळणारे काही अनुयायी अभिमानाने सांगतात की आमचे देव आम्हाला गुडघे टेकायला लावत नाहीत. ही भावना समजण्यासारखी आहे, पण जुन्या पुराव्यांचा आधार तिला पुरेसा मिळत नाही. रूस व्यापारी लोटांगण घालत होता. सेम्नोनेस लोक स्वतःला बांधून घेत होते. 'फेरेयिंगा सागा' या कथेत नॉर्वेचा बलाढ्य सरदार हाकोन (वरचा राजा हाकोन नव्हे) थोरगेर्ड या देवीच्या मूर्तीपायी पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. तिच्या हातातलं कडं आपल्या माणसासाठी हवं असतं, ती मूठ सोडत नाही, तेव्हा तो पुन्हा तिच्यापुढे पडून रडतो.

उलट दिशेचे पुरावेही आहेत. कौल लावणारा वर आकाशाकडे पाहतो. एका जुन्या नॉर्स काव्यात 'सिग्रड्रिवा' या वाल्कुरीच्या म्हणजे युद्धकन्येच्या तोंडी असलेली प्रार्थना कुठल्याही लीनतेविना सुरू होते. दीर्घ झोपेतून जागी झालेली ही वीरांगना आधी दिवसाला आणि रात्रीला वंदन करते, मग देवांना, देवींना आणि पुष्कळ देणाऱ्या धरतीला. मागते काय, तर वाणी, शहाणपण आणि जिवंत असेपर्यंत बरं करणारे हात. या काव्याचं हस्तलिखित १२७० च्या सुमाराचं. ही प्रार्थना मुळात किती जुनी, यावर वाद आहे. तरी जुन्या जर्मेनिक जगातून आपल्यापर्यंत पोचलेलं इतकं सुंदर मागणं दुसरं मला माहीत नाही. प्रसंग, देवता आणि माणूस पाहून कधी वाकायचं, कधी मान वर करायची, अशी मोकळीक या धर्मात होती असं दिसतं.

देवाला 'तू' म्हणणारे कवी

थोरशी थेट बोलणाऱ्या दहाव्या शतकातल्या दोन कवींच्या ओळी स्नोरीच्या 'एडा'मध्ये टिकल्या आहेत. वेत्रलिडी आणि थोरब्योर्न ही त्यांची नावं. दोघेही थोरला 'तू' म्हणतात आणि त्याने मारलेल्या राक्षस-राक्षसिणींची नावं एकामागून एक घेतात. या ओळींत काही मागितलेलं नाही. देवाचे पराक्रम त्यालाच ऐकवायचे, म्हणजे तसाच पराक्रम पुन्हा करण्याची आठवण त्याला होते, अशी ही रीत असावी. यातला वेत्रलिडी आइसलँडमध्ये धर्मांतराच्या तोंडावर थांगब्रांड या ख्रिस्ती प्रचारकाकडून मारला गेला.

देवाशी भांडणही होई. आइसलँडचा कवी एगिल याचा लाडका मुलगा बोडवार समुद्रात बुडाला. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेल्या 'सोनातोरेक' या शोककाव्यात एगिल ओडिनवर ठपका ठेवतो : तू माझा मित्र होतास, तूच मैत्री मोडलीस. समुद्रावर सूड उगवता आला असता तर उगवला असता, असं म्हणतो. आणि शेवटी कबूल करतो की याच देवाने मला काव्य दिलं, हीच काय ती भरपाई. देवघेवीचा हिशेब इथे दुःखाने मांडला आहे, आणि तो मांडूनही नातं तुटत नाही.

देवांच्या घरातल्या बाईकडे वशिला लावण्याची एक सुंदर कथा लाँगोबार्ड लोकांत होती. व्हँडल लोकांनी वोडानकडे विजय मागितला. तो म्हणाला, सूर्योदयाला जे मला प्रथम दिसतील त्यांना विजय देईन. दुसऱ्या पक्षाची गांबारा ही स्त्री वोडानच्या पत्नीकडे, फ्रेयाकडे गेली. तिच्या सल्ल्याने बायकांनी केस दाढीसारखे चेहऱ्यावर सोडले आणि पुरुषांबरोबर उभ्या राहिल्या. वोडानने विचारलं, हे लांब दाढीवाले, म्हणजे लाँगोबार्ड, कोण? फ्रेया म्हणाली, नाव दिलंस, आता विजयही दे. नामकरणाबरोबर भेट द्यायची, हा रिवाज देवालाही चुकवता आला नाही.

मंत्र, नांगर आणि अथर्ववेद

१८४१ साली जर्मनीतल्या मेर्सेबुर्ग इथल्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात गेओर्ग वाइट्स या इतिहासकाराला एका ख्रिस्ती हस्तलिखितात दहाव्या शतकात लिहिलेले दोन छोटे मंत्र सापडले. याकोब ग्रिमने ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. दुसऱ्या मंत्रात जंगलात घोड्याचा पाय मुरगळतो. देवी त्यावर मंत्र म्हणतात, मग वोडान म्हणतो आणि हाड हाडाशी, रक्त रक्ताशी, अवयव अवयवाशी जोडला जातो. १८६४ मध्ये आडालबेर्ट कून या अभ्यासकाने अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातल्या बाराव्या सूक्ताकडे लक्ष वेधलं. मोडलेला अवयव सांधण्याच्या त्या सूक्तात मज्जा मज्जेशी, कातडी कातडीशी, मांस मांसाशी जोडण्याची हीच मांडणी आहे. कूनला यात समान पूर्वजांचा वारसा दिसला. काही अभ्यासकांच्या मते अशी मांडणी स्वतंत्रपणेही सुचू शकते. आपल्या घरातल्या ग्रंथाला लागून असलेला हा धागा मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

मंत्र आणि प्रार्थना यांत फरक आहे. मंत्र विनवणी करत नाही. एकदा देवांनी हे केलं होतं, आता तसंच होवो, एवढंच तो म्हणतो. पण रोजच्या जगण्यात दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी असत. इंग्लंडमधल्या अकराव्या शतकातल्या एका हस्तलिखितातला शेत सुधारण्याचा विधी याची साक्ष आहे. पहाटेपूर्वी शेताच्या चार कोपऱ्यांतून मातीची चार ढेकळं गवतासकट काढायची. त्यांवर तेल, मध, यीस्ट आणि त्या जमिनीवरच्या सगळ्या गुरांचं दूध घालायचं. मग ती चर्चमध्ये नेऊन त्यांवर चार वेळा प्रार्थनाविधी करायचा आणि सूर्यास्ताआधी परत जागी ठेवायची. पूर्वेकडे तोंड करून नऊ वेळा वाकायचं. भिकाऱ्यांकडून बी घ्यायचं आणि त्यांना दुप्पट द्यायचं. नांगरावर 'एर्के' या नावाने भूमातेला हाक मारायची आणि पहिल्या तासाखाली दुधात व पवित्र पाण्यात मळलेली भाकरी पुरायची. ख्रिस्त, मरियम आणि भूमाता सगळे या विधीत एकत्र नांदतात. धर्म बदलला, पण पोट भरायचं शेत तेच होतं, आणि शेतकऱ्याने कामाचं काही टाकून दिलं नाही.

जुन्या देवांचा निरोप

बोनिफेस या मिशनऱ्याने इ.स. ७२३ च्या सुमारास गाइस्मार इथला डोनारचा ओक वृक्ष तोडला. इ.स. ७७२ मध्ये शार्लमेनने सॅक्सन लोकांचा इर्मिनसुल हा पवित्र स्तंभ पाडला. बाप्तिस्मा घेताना सॅक्सन माणसाला थुनेर (म्हणजे डोनार), वोडान आणि सॅक्सनोत यांना नाव घेऊन नाकारावं लागे. ते शब्द टिकले आहेत. प्रार्थना हरवली आणि नकार तेवढा जपला गेला, हे या इतिहासातलं सर्वात बोचणारं सत्य आहे.

तरी बदल एका रात्रीत झाला नाही. आइसलँडमध्ये वस्ती करणारा हेल्गी ख्रिस्तावर श्रद्धा ठेवी, पण समुद्रप्रवासात थोरला हाक मारी. डेन्मार्कमधल्या ट्रेंडगार्डन इथे दहाव्या शतकातला एक साचा सापडला आहे. त्यात क्रूसही ओतता येई आणि थोरचा हातोडाही. फ्यून बेटावरच्या ग्लावेनड्रुपच्या शिळेवर एका पुरोहिताच्या पत्नीने नवऱ्याच्या स्मरणार्थ मजकूर कोरवून घेतला. त्यात 'थोर या अक्षरांना पवित्र करो' अशा अर्थाचं मागणं आहे. श्रद्धा असणाऱ्या माणसांनी स्वतः कोरवलेली, मधल्या कुणाच्या लेखणीतून न गेलेली अशी फार थोडी मागणी आपल्याकडे आहेत. ही त्यांतलीच एक.

आइसलँडमध्ये १९७२ साली मेंढपाळ शेतकरी आणि कवी स्वेनब्योर्न बेंतेन्सन यांच्या पुढाकाराने जुन्या धर्माची संस्था स्थापन झाली. पुढच्या वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. आज तिचे हजारो सभासद आहेत. तिचे सध्याचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मार्सन देवकथांकडे निसर्गाच्या आणि मनाच्या शक्तींची काव्यरूपं म्हणून पाहतात. इतर देशांत अनेक जण थोर-फ्रेयांना खरेखुरे देव मानून रोज पूजतात. काही गटांनी या वारशाला वंशद्वेषाची जोड दिली. आइसलँडच्या संस्थेने तिला उघड विरोध केला आहे. तो विरोध योग्यच आहे. कारण पुरावे पाहिले तर हे देव सीमेवरच्या, परदेशी नावांच्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांचेही होते.

जुने जर्मेनिक लोक प्रार्थना करत होते का, या प्रश्नाचं उत्तर निःसंशय 'होय' असंच आहे. ते वाकून मागत, उभं राहून मागत, गाऊन मागत, भांडून मागत. पण रिकाम्या हाताने मागणं त्यांना पटत नसे आणि मिळाल्यावर फेड चुकवणं तर मुळीच नाही. ज्या धर्माची प्रार्थनापुस्तकं उरली नाहीत, त्याला प्रार्थनाच नव्हती असं म्हणणं म्हणजे जिंकलेल्यांनी जपलेल्या कागदांनाच संपूर्ण इतिहास समजणं होय. वेद्या, वाकवलेल्या तलवारी, रुन शिळा आणि एका अरब प्रवाशाचं प्रामाणिक टिपण हे सारं त्या कागदांच्या जोडीला ठेवूनच या धर्माचा न्याय केला पाहिजे.